बाप ‘खोटी’ म्हणाला ती गोष्ट

माझा कान माझ्या बापानं कातरला. मेंढराचा कातरतात तसा, मेंढराच्याच कातरीनं, आणि सगळं गाव बघत होतं.

आमच्या चावडीसमोर लिंबाचं झाड आहे. त्याच्या पारावर मालक बसले होते. मालक म्हणजे गावचे देशमुख. त्यांचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती, म्हातारेकोतारेसुद्धा मालकच म्हणायचे. काळी जमीन त्यांची, माळ त्यांचा, माळावरचं गवतही त्यांचं. मी पारासमोर अनवाणी उभा होतो. उन्हाळ्याची भर दुपार, पाय भाजत होते. बाप बाजूला पागोटं काखेत धरून उभा. माझ्या हातात गंगाखेडच्या वाचनालयाचा हस्तलिखित अंक होता. त्यात माझी गोष्ट होती. मालकांनी खास माणूस पाठवून तो अंक मागवला होता.

“वाच,” मालक म्हणाले. “समद्यांला ऐकू आलं पायजे.”

मी वाचायला लागलो. पहिलं पान संपलं, मी पान उलटलं, आणि मालकांच्या गड्यानं मागून पाठीत काठी घातली. का घातली ते कुणी सांगितलं नाही. दुसरं पान उलटलं, दुसरी काठी. मग माझ्या ध्यानात आलं, पान उलटलं की काठी बसणार. मी उशीर लावू लागलो. पानाची शेवटची ओळ दोनदा वाचायचो, तिसऱ्यांदा वाचायचो. लोकांनाही ते कळलं आणि ते हसायला लागले. गोष्ट नऊ पानांची होती. जरा आखूड लिहायला पाहिजे होती असं तेव्हा वाटलं. हसू नका, खरंच वाटलं.

वाचून झालं तेव्हा सदऱ्याची पाठ ओली झाली होती. घाम किती आणि रक्त किती ते मला सांगता येत नव्हतं. मालकांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते बापाला म्हणाले, “तुज्या पोरानं लिवलंय. खरं हाय का खोटं?”

बाप म्हणाला, “खोटं हाय, मालक.”

एवढंच. मान वर न करता. मालक पुढं बोलले ते शब्दाला शब्द माझ्या लक्षात आहे. “लय शानं झालंय तुजं कोकरू. आपल्या कळपाचे कान समद्या तालुक्याला दावतंय. त्याच्या बी कानाला खूण कर. म्हंजी आपुन कुनाचं हाव हे त्याला इसरायचं न्हाई.”

गड्यानं कातर आणली आणि बापाच्या हातात दिली. मला वाटलं बाप ती फेकून देईल. नाहीतर मालकाच्या पाया पडेल, रडेल, काहीतरी करेल. बाप माझ्याजवळ आला. डाव्या हाताच्या चिमटीत त्यानं माझ्या उजव्या कानाचं टोक धरलं, अंगठ्यानं चाचपलं, आणि कातर दाबली. हजारदा केलेलं काम. कानात कच्च असा आवाज झाला, आणि गळ्यावरून ऊन ऊन खाली वाहत गेलं. कानाचा तुकडा धुळीत पडला. एक कुत्रं आलं, हुंगलं, आणि उचलून घेऊन गेलं. लोक पुन्हा हसले.

“दुसरा राहू दे,” मालक म्हणाले. “परत लिवलं तर हाय की तो.”

मला कुणीही धरलं नव्हतं. काठीवाला गडी चार हात लांब होता. मी एकोणीस वर्षांचा, अंगापिंडानं बापापेक्षा दांडगा. एक हिसडा दिला असता तर बाप पडला असता. पण मी मान हलवली नाही. उलट कातर नीट बसावी म्हणून किंचित वाकलो. हे मी पुढं चार वर्षं कुणाला सांगितलं नाही, कागदालाही नाही.

आता ती गोष्ट काय होती ते सांगतो, म्हणजे मार कशाचा खाल्ला ते कळेल.

आम्ही धनगर. आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. मी निजामाच्या शाळेत उर्दूत चौथी झालो. पुलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कालपर्यंत उर्दू शिकवणारे मास्तर आज मराठी शिकवू लागले. तसंच मालकांचंही. त्यांची रुमी टोपी गेली आणि पांढरी टोपी आली. डोकं तेच राहिलं. मी गंगाखेडला बोर्डिंगात राहून सातवी केली आणि वाचनालयात झाडलोट करता करता पुस्तकं वाचायला लागलो. तिथल्या मास्तरांनी हस्तलिखित अंक काढायचा ठरवला. मला म्हणाले, तूही काहीतरी लिही, तुझ्या मनात सलत असेल ते लिही. त्यांना काय माहीत माझ्या मनात काय होतं.

माझ्या मनात एकच होतं. बापाला मारावं का मालकाला. पंधराव्या वर्षापासून हाच विचार. मेंढरं वळताना, भाकरी खाताना, शाळेत पाढे म्हणतानासुद्धा. तेच मी लिहिलं. गोष्टीतल्या पोराच्या बापाचा अर्धा कळप पुलिस ॲक्शनच्या, गडबडीच्या सालात गावचा जमीनदार लुटतो. त्याचे गडी मेंढरांचे कान कातरून वर जमीनदाराची खूण घालतात. बाप बघतो आणि गप्प बसतो. वर तीच मेंढरं जमीनदाराची म्हणून वळायला घेतो. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. पोरगा एका दुपारी झोपलेल्या बापाच्या गळ्याशी कातर घेऊन बसतो. बसतो, आणि उठून जातो. गोष्ट तिथं संपत होती. मास्तर म्हणाले, पोटातून आलेलं लिहिलंस.

गावाचं नाव मी बदललं होतं. नदी बदलली, माणसांची नावं बदलली, जमीनदाराला तर शेजारच्या जिल्ह्यात नेऊन बसवला. पण मेंढरांचे कान जसेच्या तसे ठेवले. उजव्या कानाच्या टोकाला खाच ही आमची खूण. दोन्ही कानांची टोकं सरळ छाटलेली ही मालकांची. टोक छाटलं की खाच आपोआप जाते, म्हणून ती लूट सोपी होती, तेही मी लिहिलं. धनगराला मेंढरू आठवतं ते कानासकट आठवतं. बिनखुणेचं मेंढरू त्याच्या स्वप्नातही येत नाही. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतला कुठलाही धनगर कान बघून कळपाचा धनी सांगतो, ही गोष्ट मला माहीत होती. तरी ती खूण म्हणजे नाव-गावच आहे हे लिहिताना डोक्यात आलं नाही. वाचनालयात कुणीतरी ती गोष्ट मोठ्यानं वाचली. बाजाराला आलेल्या एका धनगरानं ती ऐकली, आणि आठ दिवसांत मालकांपर्यंत पोचली.

कान कातरला त्या दिवशी मायनं जखमेत हळद आणि चुलीतली राख भरली. मेंढराला भरतात तशीच. ती बापाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की रक्त थांबलं की इथून जा. मी तिसऱ्या दिवशी निघालो. चालत गंगाखेड, तिथून परभणी.

परभणीत कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली मिळाली. कान पिकला. पू यायचा, त्यावर कापसाचे तंतू चिकटायचे आणि रात्रभर ठणका लागायचा. महिन्याभरानं जखम बसली, पण टोक नाही ते नाहीच. मी डोक्याचा रुमाल कानावरून बांधायला लागलो. लोकांना वाटायचं मला वाऱ्याचा त्रास आहे.

आणि मी लिहायला लागलो. जिनिंगमध्ये कोऱ्या पाठीचे कागद मिळायचे. त्यावर मी मालकाला मारलं. एकदा नाही. पहिल्या गोष्टीत कुऱ्हाडीनं तोडला, आधी हात, मग पाय, मान शेवटी. दुसऱ्या गोष्टीत आडात टाकला आणि वरून दगड टाकत बसलो. तिसऱ्यात सरकीच्या ढिगात गाडला, नाकातोंडात कापूस कोंबून. एका गोष्टीत गावानं त्याला पारावरून खाली ओढला आणि तुडवला, त्याची पांढरी टोपी लाल झाली वगैरे. लिहिताना माझे दात आवळले जायचे. हात दुखायचा, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठे उचलताना बोटं वळायची नाहीत. पण लिहून झालं की आत तसंच. भूक लागलेल्यानं नुसतं पाणी पीत बसावं तसं झालं होतं. मग मी बापाला मारणाऱ्या गोष्टी लिहिल्या. त्यांनीही काही झालं नाही.

या कागदांतलेच काही वकीलसाहेबांच्या हाती पडले. परभणीत त्यांचं मोठं नाव. पुलिस ॲक्शनच्या आधी तुरुंगात जाऊन आलेले, स्वतःचा छापखाना, स्वतःचं साप्ताहिक. मी छापखान्यात कागदाचे रीम उतरवायला गेलो होतो, तिथं माझा कागद पडला. त्यांनी वाचला, मला घरी बोलावलं, खुर्चीवर बसवलं. तोवर मी खुर्चीवर बसलो नव्हतो. मला रडू आलं हे कबूल करतो. त्यांनी विचारलं आणि मी कानाचं सांगितलं, रुमाल सोडून दाखवलाही.

तिथं मी चूक केली. दर पंधरवड्याला त्यांच्या दिवाणखान्यात लोक जमायचे. वकील, डॉक्टर, कॉलेजचे मास्तर, त्यांच्या बायका. कथा, कविता वाचायचे, चिवडा खायचे. वकीलसाहेबांनी मला तिथं नेलं आणि म्हणाले, रुमाल काढ. मी काढला. सगळे खुर्चीतून पुढं वाकले. एका बाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी बोट लावून बघितलं, म्हणाले, काप सफाईदार आहे. पुढच्या बैठकीला नवीन पाहुणे, पुन्हा रुमाल काढ. मी काढत गेलो. असं दोन वर्षं चाललं. माझी एक ओळ त्यांनी छापली नव्हती, पण माझा कान निम्म्या परभणीनं बघितला होता. गारुड्याचं माकडसुद्धा एवढ्या वेळा सलाम करत नसेल. आणि मला ते आवडायला लागलं होतं, हे जास्त वाईट.

मग वकीलसाहेब म्हणाले, कानाची गोष्ट लिही, आपण छापू. मी लिहिली. जुन्या गोष्टीला पुढं जोडून. मेंढरांची लूट, पारावरचं वाचन, काठ्या, कान. त्यांनी वाचली आणि म्हणाले, सगळं उत्तम, फक्त एक बदल कर. बापानं कान कापला हे वाचकाला पटायचं नाही. बाप असा नसतो. तो मालकानंच स्वतःच्या हातानं कापला असं लिही, आणि बाप त्याच्या पाया पडतोय असं दाखव. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

मी बदल केला. अर्ध्या तासात केला. बाप मालकाच्या पाया पडतोय हे लिहिताना मला बरं वाटलं. मला असाच बाप पाहिजे होता.

त्याच आठवड्यात बाप परभणीला आला. चार वर्षांनी. घोंगड्या विकायला आला होता, निदान तसं म्हणाला. दुपारच्या सुट्टीत जिनिंगच्या फाटकाबाहेर उभा दिसला. म्हातारा झाला होता. आम्ही गठ्ठ्यांच्या सावलीला बसलो. मायनं दिलेली भाकरी आणि ठेचा त्यानं पुढं ठेवला. म्हणाला, माय बरी आहे. म्हणाला, कळप आता लहान झालाय. कानाचा विषय त्यानं काढला नाही, बघितलंही नाही. मी भाकरीला हात लावला नाही. मला त्याला दुखवायचं होतं. चार वर्षं ते साठवलं होतं.

मी गोष्ट बाहेर काढली आणि त्याला वाचून दाखवली. सगळी. त्याला वाचता येत नाही. तो घोंगडीतले काटे-कुसळं वेचत ऐकत होता. मी काठ्यांचं वाचलं, तो वेचत राहिला. मालकानं कान कापला तिथं त्याचा हात थांबला.

“मालकानं कुटं कातरला?” तो म्हणाला. “म्या कातरला.”

मी म्हणालो, गोष्टीत असं करावं लागतं. वकीलसाहेबांनी सांगितलं.

त्यानं घोंगडीतलं एक कुसळ उपटून टाकलं. मग म्हणाला, “आन् त्या मेंढरांचे? गड्यांनी कातरले म्हन्तोस.”

मी कागदांची घडी घातली.

“ते बी म्याच कातरले,” तो म्हणाला. “आन् मुंडकी कोन धरली व्हती?”

मी बापाच्या तोंडावर मारलं. मूठ आवळून मारलं. तो बसल्या जागी उताणा पडला, पागोटं सुटून धुळीत गेलं. मी उठून आणखी एक मारली, छातीत. ओठ फुटून त्याच्या पांढऱ्या मिशीत रक्त उतरलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा हमाल धावत आले आणि त्यांनी मला मागं ओढलं. साठीचा माणूस. मला जन्म दिलेला माणूस. त्यानं माझ्यावर हात उगारला नाही. उठून बसला, दात जागेवर आहेत का बोटानं बघितलं, पागोटं झटकलं आणि नीट बांधलं. घोंगड्या खांद्यावर घेतल्या.

जाताना म्हणाला, “आता हे बी लिव.”

तो टोमणा होता का परवानगी होती, मला आजही माहीत नाही. तो स्टेशनाकडं चालत गेला. भाकरी तिथंच राहिली, हमालांनी खाल्ली.

आता खरं काय झालं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

गडबडीचं साल. रोज कुठलं तरी गाव जळाल्याची बातमी यायची. लुटारू मेंढरं हाकून न्यायचे, माणसं कापायचे. बाप कळप घेऊन डोंगरात निघाला होता. तेव्हा मालकांनी त्याला बोलावलं. म्हणाले, डोंगरात जाशील आणि मरशील. अर्धा कळप माझ्या कोंडवाड्यात ठेव. पण तुझी खूण दिसली तर सोडणार नाहीत. माझी खूण असली तर माझ्या मेंढराला कुणी हात लावत नाही. तूच घाल माझी खूण, गडबड संपली की घेऊन जा. बापाला ते पटलं. आमच्यात खूण म्हणजे शब्द. ज्यानं आपली खूण घालू दिली त्यानं राखायची जबाबदारी घेतली, असा आमचा समज. बापानं मालकाच्या पायांना हात लावला.

आणि आम्ही दोघांनी ते काम केलं. दिवसभर. मी मेंढरू गुडघ्यांत दाबायचो, मुंडकं दोन्ही हातांनी धरायचो, आणि बाप टोक छाटायचा. आधी उजवं, मग डावं. कानामागून कान. आमची खाच असलेली टोकं माझ्या पायाशी पडत होती. संध्याकाळी मी ती पाटीत भरून उकिरड्यावर टाकली. मला वाटत होतं आम्ही मेंढरं वाचवतोय. मी हसत होतो. एका मेंढीनं हिसका दिला तर मी तिला बुक्की मारली, म्हणालो, उभी राहा, तुझ्याच भल्याचं आहे.

गडबड संपली. बाप मेंढरं आणायला गेला. मालक म्हणाले, कोणती मेंढरं? बाप म्हणाला, माझी. मालक त्याला कोंडवाड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, कान बघ आणि तूच सांग कुणाची. धनगराच्या पंचायतीत यावर दुसरा पुरावा चालत नाही. कान बोलला की संपलं. आणि कान बापानंच कातरले होते. तो कुणाकडं जाणार होता? जो भेटेल त्यानं विचारलं असतं, खूण कुणी घातली? दगडाखाली सापडलेला हात. मालक म्हणाले, वळायला पाहिजेत तर अर्धलीनं घेऊन जा, लोकर-कोकरं निम्मी तुझी. बापानं घेतली. ती आमची मेंढरं होती, दुसऱ्याच्या काठीखाली ती मेली असती.

मी हे सगळं माझ्या गोष्टीतून पुसून टाकलं होतं. गडी आले आणि त्यांनी कातरलं असं मी आधी स्वतःला सांगितलं, मग कागदाला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मला ते गडी दिसायला लागले, त्यांचे चेहरे, त्यांच्या काठ्या. बाप पारासमोर म्हणाला ‘खोटं हाय’, तेव्हा मला वाटलं हा मालकाला भिऊन खोटं बोलतोय. चार वर्षं मी त्या एका शब्दासाठी त्याला कागदावर मारत होतो. मालकाला लूट झाकायची होती, तो चोराच्या उलट्या बोंबा मारत होता. पण बाप भीतीपोटी म्हणाला असो की कशापोटी, गोष्ट खोटी होती. लुटीत हात कुणाचा होता हे मी त्यात लिहिलं नव्हतं. आणि माझ्या कानाच्या वेळी मी मान का हलवली नाही, हेही तेव्हा कळलं. मुंडकं कसं धरायचं ते मला माहीत होतं. स्वतःचं मी स्वतःच धरलं.

त्या आठवड्यात मी गोष्ट नव्यानं लिहिली. आठ दिवस कामाला गेलो नाही. मुकादमानं काढून टाकलं. या वेळी मालकाला मारलं नाही, त्याची गरज पडली नाही. जसं झालं तसं लिहिलं. मान धरली ते लिहिलं. बुक्की मारलेली मेंढी लिहिली. फाटकाबाहेर बापाला मारलं ते लिहिलं. लिहून झालं तेव्हा दात आवळलेले नव्हते.

ती घेऊन मी वकीलसाहेबांकडं गेलो. नेमकी बैठक होती. औरंगाबादहून कुणी मोठे पाहुणे आले होते. जुनी गोष्ट मेजावर पडली होती, दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. मी नवी पुढं केली. वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या चार पानं चाळली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

“हे काय करून ठेवलंस?” ते म्हणाले. “बाप कातर चालवतो, तू मान धरतोस, वर बापालाच मारतोस. मग वाचकानं रडायचं कुणासाठी?”

मी म्हणालो, “रडायसाठी लिवलंच न्हाई.”

ते हसले. पाहुण्यांना म्हणाले, मुलगा गुणी आहे, जरा हट्टी आहे, कच्चा माल आहे, आपल्याला घडवायचा आहे. नवी पानं त्यांनी माझ्याकडं परत सारली. जुनीच जाईल म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, “बरं, रुमाल काढ. पाहुण्यांना दाखव.”

“न्हाई,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी लाजतोय. त्यांनी स्वतःच हात पुढं केला, रुमालाच्या गाठीला. मी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. गठ्ठे उचलणारा हात आहे माझा. ते ओरडले, गुडघ्यावर आले, मेजाला धक्का लागून कपबश्या खाली फुटल्या. बायका उठून आत पळाल्या. मी म्हणालो, “माजा कान बगायचा तर माजी गोष्ट वाचा. समदी.” मग हात सोडला. जुनी गोष्ट मेजावरून उचलली आणि फाडली, त्यांच्यासमोर, बारीक बारीक. दोघातिघांनी मला धरून पायरीवरून ढकललं. माझं कपाळ फुटलं. वकीलसाहेब वरून ओरडत होते की आम्ही तुला माणसांत बसवलं, आता परभणीत तुझी ओळ कोण छापतो बघतो.

कुणीच छापली नाही. दोन ठिकाणी गेलो. एकानं दारातूनच परतवून लावलं. दुसरा म्हणाला, मालकाचं नाव काढून टाक, बापाला चांगला कर, मग बघू. मी म्हणालो, काढणार नाही. मालकाचं खरं नाव घातलंय, गावाचं घातलंय, बापाचं घातलंय, आणि सगळ्यांच्या आधी माझं घातलंय. त्यातलं एकही अक्षर हलणार नाही. तुम्हाला सांगताना जिभेवर अजून ‘मालक’च येतं, कागदावर नाही.

छापत नाहीत तर न छापोत. मी हातानं नकला काढतोय. आता स्टेशनावर हमाली करतो, आणि रोज चार पानं उतरवतो. तीन नकला झाल्यात. एक गंगाखेडच्या वाचनालयात जाईल. एक बापाला वाचून दाखवीन. तो खोटी म्हणाला तर कुठं खोटी ते विचारीन, आणि तेवढं पुन्हा लिहीन. त्याची माफी मागणार नाही, त्यालाही मागू देणार नाही. आमच्या दोघांचं तेवढ्यानं भागण्यातलं नाही.

तिसरी मालकाची आहे. टपालानं पाठवणार नाही. स्वतः नेऊन हातात देणार, दिवसाढवळ्या, गाव जमलेलं असताना. तो मारायला उठेल. उठू दे. त्यानं हात उचलला तर मीही उचलीन. आणि कुणाचा हात आधी उठला ते खरं लिहीन, माझा उठला असला तरी.